विहीणबाईंची तहान

पार्बताबाई गावंडे अमरावतीत उतरल्या त्याला तिसरा दिवस लागला होता, आणि व्याही इंगोल्यांच्या घरच्या पाण्याचा थेंब अजून त्यांच्या ओठाला लागला नव्हता.

येताना त्यांनी अकोल्याहून मोर्णा नदीचं पाणी आणलं होतं. तांब्याची कळशी, तोंडाला ओलं फडकं, फडक्यावर उलटा पेला. सोबत दशम्यांचं गाठोडं. "अंबादेवीचा नवस हाय, तो फिटेलोक दुसऱ्याच्या घरचं पानी नाई," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. देवीचं नाव मध्ये आल्यावर कोण काय बोलणार? विहीण गोदाबाईंनी पुढं केलेलं गूळपाणी तसंच माघारी आत गेलं.

आता वऱ्हाडात विहीण घरी आली की आधी गूळपाणी घेते आणि मगच बोलणं निघतं. गूळपाणी घेतलं नाही म्हणजे मनात काहीतरी अडलंय, आणि ते निघेपर्यंत कामाचा विषय काढायचा नाही. काम तर एकच होतं. गोदाबाईंची लेक जमुना दिवाळीला माहेरी आली होती. संक्रांत झाली की तिला न्यायचं ठरलं होतं. संक्रांत गेली, होळीची राख थंड झाली, चैत्र लागला. अकोल्याहून तिला न्यायला कोणी आलं नाही. आता सासू स्वतः आली होती, सोबत जमुनाचा नवरा पंजाबराव. ती न्यायला आली होती की कायमचं टाकून जायला, ते त्या कळशीत होतं.

जमुनाचे वडील किसनराव कापसाच्या गाड्या घेऊन खामगावच्या बाजाराला गेलेले. घरात कर्ता पुरुष म्हणावा तर गोदाबाईंचे सासरे, जमुनाचे आजोबा खुशालराव, वय सत्तरीच्या पुढं. खुशालराव खोटं बोलत असा गावात समज होता, तो बरोबर नाही. ते खरंच बोलत. फक्त लांबूनही दिसावं म्हणून थोडं मोठं करून सांगत.

"नवस कालच फिटला, मामाजी," गोदाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "ओटी भरली, नारळ फोडला, सगळं झालं. आज सकाळी पुन्हा पानी नेलं तं म्हनते, ठेवा, तहान नाई. चैताच्या महिन्यात तहान नाई. बाई हाय का उंट हाय?"

"उंट असती तं बरं होतं. उंट पेते तवा पोटभर पेते."

"तुमाले हासू येते. माही पोरगी घरी बसून हाय."

खुशालरावांनी अडकित्ता खाली ठेवला. सुपारी तशीच राहिली. नातीचा विषय निघाला की म्हाताऱ्याच्या तोंडची गंमत जराशी सुकायची, हे गोदाबाईंना ठाऊक होतं.

"कळशीत किती उरलं?" त्यांनी विचारलं.

"तळाले हाय. तीन-चार पेले असन."

"मंग आज इहीनबाईले शहर दाखवू."

"ऊन पायलं का बाहेरचं?"

"पायलं. ते पाहूनच बोलून राहिलो."

ओसरीवर पार्बताबाई ताठ बसल्या होत्या. बाई उंच, रुंद, आणि चालताना एखादं देऊळ जागचं हललं असं वाटावं अशी. खुशालरावांनी शहराचा विषय काढला तेव्हा त्यांनी भुवईसुद्धा वर केली नाही.

"अमरावतीत काय पायाचं, आबाजी? सरकी अन् धूळ. आमच्या अकोल्याले किल्ला हाय."

"हाय नं. मोठा हाय. कोन राहते त्याच्यात?"

"आता कोन राहीन? कबुतरं राहते."

"तेच म्हनतो. आमच्या इथं मानसं राहते, म्हनून मानसाच्या भवती परकोट बांधला. अन् मी काई तुमाले देऊळ, बाजार नाई दाखवत. ते सारे पाहते. ज्या जागा अमरावतीच्या मानसालेच माहीत नाई, त्या दाखवतो."

पार्बताबाईंना जायचं नव्हतं. पण चालवत नाही असं म्हणणं त्याहून नको होतं. शिवाय पोरगी सोबत येणार होती, म्हणजे नजरेसमोर राहणार होती. त्यांनी कळशीतला एक पेला भरून घेतला, सावकाश प्याल्या आणि उठल्या.

"कळशी कोन धरन एवढ्या वेळ?" खुशालराव म्हणाले, जणू आत्ताच सुचलं. "जवाईबुवा, दमनी दरवाजाच्या बाहेर नेऊन निंबाखाली सोडा. कळशी तिच्यातच राहू द्या. फिरत फिरत आपन दरवाजातून बाहेर निघू, तथी इहीनबाई आपलं पानी पेतीन."

पंजाबराव ती छोटी बैलगाडी निंबाखाली सोडून परत आला तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता.

*

पहिली जागा निघाली परकोटाच्या आतल्या अंगाला, दोन घरांच्या बोळकांडीत, जिथं माणसाला आडवं होऊन जावं लागे. पार्बताबाई आडव्या झाल्या तरी फारसा फरक पडला नाही. भिंतीच्या एका दगडावर, चुन्यात, माणसाच्या हाताचा पंजा उमटलेला होता. पाचही बोटं ठसठशीत.

"हा पेंढाऱ्याचा पंजा," खुशालराव म्हणाले. "परकोट पुरा झाला त्याच दिवशी पेंढारी आले. आत शिरता येईना, तवा एकानं रागानं भिंतीले थापड मारली. भिंतीले काई झालं नाई. त्याचा हात अजून दुखते."

"पेंढारी मरून जमाना झाला."

"म्हनून तं म्हनतो, केवढं लागलं असन."

"थापड बाहेरून मारली अन् पंजा आतून उमटला?"

खुशालरावांनी पंजा एकदा निरखून पाहिला. "जोरात मारली होती," ते म्हणाले.

पंजाबराव हसला. आईनं वळून पाहिलं, तो पुन्हा गंभीर झाला. गोदाबाईंनी ते पाहिलं आणि मनाशी ठेवून दिलं.

दुसरी जागा बहिरी विहीर. हिच्यात तोंड घालून कितीही ओरडा, आवाज परत येत नाही. गावातल्या दहा माणसांना विचारलं तर आठांना ती माहीत नसे. उरलेले दोघं तिचं पाणी भरत. खुशालरावांनी वाकून "ओ" म्हटलं. विहीर गप्प.

"आधी आयकत होती," ते म्हणाले. "मंग दोन इहिनी हिच्या काठावर भांडल्या. सात दिवस. आठव्या दिवशी हिनं कान बंद करून घेतले."

"कशावरून भांडल्या?"

"पान्यावरून."

पाणी शेंदणाऱ्या बाईनं भरलेला पोहरा वर घेतला. काठावरून पाणी सांडलं, दगडावर काळा डाग पडला आणि पाहता पाहता वाळून गेला. "घ्या नं बाई, गार हाय," ती म्हणाली.

"तहान नाई," पार्बताबाई म्हणाल्या. ओठाला ओठ चिकटला होता, शब्द नीट सुटला नाही.

त्यांना तहान होती. सकाळपासून होती, कालपासून होती, खरं पाहता अडीच महिन्यांपासून होती. पौष संपता संपता नत्थुजी गाडीवान इंगोल्यांचा कापूस खामगावला घेऊन जाताना अकोल्यात थांबला होता. भातकुलीचा साधा माणूस. पार्बताबाईंनी त्याला भाकर दिली आणि सुनेची खुशाली विचारली. तो भाकर मोडत म्हणाला, "जमुनाबाईचं काय सांगू, बाई. दिस उगवाच्या आधी खिडकीतून बाहेर पडते. रोज."

ओसरीवर शेजारच्या दोघी बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. नत्थुजीनं भाकर संपवली, हात धुतला, बैल जुंपले आणि निघून गेला. आणि गावंड्यांच्या सुनेचं नाव त्या संध्याकाळी मोर्णेच्या घाटावर चार घागरींमागं निघालं.

पार्बताबाईंनी हे कोणाला विचारलं नाही. काय विचारायचं, तुमची लेक खिडकीतून कुठं जाते? मुलालाही सांगितलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं ठरवून त्या आल्या होत्या, आणि तीन दिवसांत त्यांनी इंगोल्यांच्या घरच्या सगळ्या खिडक्या मोजल्या होत्या. पाच. पाचांनाही गज. पोरीचं अंग काही एवढं बारीक नव्हतं. पण पोरगी पहाटे घरात नसायची, हेही त्यांनी पाहिलं होतं. दोन्ही पहाटा.

*

तिसरी जागा बुरुज. पायऱ्या उंच, एकेक गुडघ्याइतकी. वर एक तोफ होती, तिचं एक चाक मोडलेलं, म्हणून तिला लंगडी म्हणत.

"ही एकदाच उडाली," खुशालरावांनी धापा टाकत सुरू केलं. "गोळा गेला तो गेलाच. मानसं पाहून राहिली, कोठी पडला. चौथ्या दिवशी खबर आली. अकोल्याच्या किल्ल्याले भोक पडलं."

"आमच्या किल्ल्याले भोक नाई."

"बुजवलं असन."

"आबाजी," पार्बताबाई म्हणाल्या, "तुमचा गोळा चार दिवस चालत आला असन, तं वाटेत मुर्तिजापूरले मुक्काम केला असन त्यानं. थकून गेला असन बिचारा. आमच्या किल्ल्याले तं तो कळला बी नाई."

खुशालरावांना फार दिवसांनी कोणीतरी बरोबरीचं भेटलं होतं. त्यांनी बाईंकडं एकदा नव्यानं पाहिलं.

पण तोफेपलीकडं जे होतं त्यापुढं त्यांनाही काही जोडावं लागलं नाही. परकोटाबाहेर, नजर पोचेल तिथपर्यंत, कापसाच्या गाड्या होत्या. साता समुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि सगळ्या जगाला वऱ्हाडाच्या काळ्या मातीची आठवण आली होती. गाडीमागं गाडी, धुऱ्याला धुरा, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, आणि वर पांढरं, नुसतं पांढरं, उन्हात डोळ्याला सोसवू नये असं. वारा आला की त्या सगळ्यावरून रुईचे पुंजके उठत आणि परकोटावरून गावात येऊन पडत. म्हाताऱ्याच्या मिशीवर एक येऊन बसला. त्यानं तो झटकला नाही.

"हे कोनी पाहत नाई," ते म्हणाले. "सारे खाली उभे राहून धुळीच्या नावानं रडते. वर येऊन कोनी पाहत नाई."

पार्बताबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि पाहत राहिल्या. त्यांनी अकोल्याच्या किल्ल्याचं नाव काढलं नाही, हे बरंच झालं.

"ते खालचे भातकुलीचे," जमुना कठड्याशी येऊन सांगू लागली. तीन दिवसांत सासूसमोर ती इतकं पहिल्यांदाच बोलत होती. "अन् ते तिकडले चांदूर बाजाराचे. ते कापूस पायानं दाबून भरते, म्हनून त्यायच्या गाड्या बुटक्या दिसते."

खालून एका गाडीवानानं वर पाहिलं आणि पागोट्याला हात लावला. "राम राम, जमुनाबाई."

दुसऱ्यानं हाक दिली. मग तिसऱ्यानं. जमुनानं हात जोडले. खुशालरावांची छाती इंचभर पुढं आली, गोदाबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आणि पार्बताबाईंनी कठड्यावरचा हात काढून घेतला. परके पुरुष. नाव घेऊन.

"चला खाली," त्या म्हणाल्या. "झालं पाहून."

उतरताना पंजाबराव मागं रेंगाळला. जमुना दोन पायऱ्या खाली होती.

"तुमी बोलत काहून नाई?" तिनं मान न वळवता विचारलं.

"माय म्हनते, चूप राय."

"मंग तुमी बी पानी नाई पेले का आमच्या घरचं?"

पंजाबरावानं खाली आईकडं नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "काल दुपारी पेलो. रांजनातून. आबाजीनं पायलं मले, पन ते काई बोलले नाई."

जमुनाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. तिनं पदर ओढला. "पाच महिने झाले," ती म्हणाली.

"तिनं तुह्याबद्दल कायतरी आयकलं हाय. मले सांगत नाई. मी इचारलं तं दशम्या बांधाले बसली."

"काय आयकलं?"

"माहीत असतं तं मी संक्रांत होताच न्यायले आलो असतो," तो म्हणाला. मग स्वतःलाच ऐकू यावं अशा आवाजात, "नाई. यायले पायजे होतं तसं बी."

जमुनानं मान वळवली नाही. पण पुढची पायरी उतरताना ती जरा थांबली, तो बरोबरीला येईपर्यंत.

*

दरवाजाशी पोचले तेव्हा डोक्यावर ऊन होतं आणि दरवाजा नव्हता. म्हणजे दरवाजा होता, पण त्यात कापूस होता. आत येणारी एक गाडी आणि बाहेर जाणारी एक, कमानीच्या बरोबर मध्ये, एकीच्या आसाचं टोक दुसरीच्या चाकात. मागं दोन्हीकडं गाड्यांची रांग. बैल फुरफुरत होते, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते.

निंब पलीकडं होता. निंबाखाली दमणी. दमणीत कळशी.

"किती वेळ लागन?" पार्बताबाईंनी विचारलं. आवाज खरखरला होता.

"काल संध्याकाळलोक अडकले होते," खुशालराव म्हणाले. मनातून ते खूश होते. विहीण आता पाणी मागणार, समोरच्या घरून गोदाबाई तांब्या आणणार, आणि काम होणार. एवढा बेत त्यांनी सकाळपासून पायाखाली घातला होता.

पण जमुनानं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. गालावर मीठ वाळलं होतं, डोळे आत गेले होते. तिला बेतबीत काही माहीत नव्हतं. ती पुढं झाली आणि तिनं सासूच्या कोपराला हात दिला.

"आत्याबाई, इथं उन्हात काहून उभं राहता? खिडकीतून चला. मी रोज तेथूनच जाते."

पार्बताबाईंनी कोपर असा ओढून घेतला की बांगड्या वाजल्या.

"गोदाबाई," त्या म्हणाल्या. "आयकलं? माह्या तोंडावर सांगून राहिली."

"काय झालं, इहीनबाई?"

"काय झालं ते तुमीच सांगा. तीन दिवस मोजून राहिली मी. पाच खिडक्या हाय तुमच्या घराले, पाचीले गज हाय. कोन्त्या खिडकीतून जाते तुमची लेक दिस उगवाच्या आधी? तेवढं दाखवा, मंग मी माही दमनी जुंपते अन् जाते अकोल्याले. एकटी."

गाडीवानांचं भांडण थांबलं. बैलसुद्धा फुरफुरायचे थांबले, असं खुशालराव पुढं सांगत. तेवढं सोडून देऊ. पण माणसं खरोखर गप्प झाली. जमुनाचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा. संक्रांतीपासून कोणी का आलं नाही ते तिला एका दमात कळलं.

आणि खुशालराव, ज्यांच्याकडं प्रत्येक दगडाची गोष्ट होती, त्यांच्या तोंडून काहीच निघेना. त्यांनी सगळ्या बाजूनं विचार केला होता. या बाजूनं केला नव्हता.

बोलल्या त्या गोदाबाई. तीन दिवस ही बाई तबक घेऊन पुढं-मागं करत होती, हात जोडत होती, तूप वाढत होती. आता तिनं पदर खोचला आणि विहिणीचं मनगट धरलं.

"चला, दाखवते."

परकोटाच्या कडेनं पन्नास पावलं असतील. पुढं गोदाबाई, मागं खेचल्या जाणाऱ्या पार्बताबाई, त्यांच्यामागं बाकीचे, आणि गाड्या सोडून आलेले दहा-वीस जण. एका वळणावर गोदाबाई थांबल्या. भिंतीला एक दार होतं. दगडी चौकट, जाड लाकडाचं एकच कवाड, त्यावर लोखंडी खिळे. एक माणूस वाकून जाईल एवढंच. त्यातून एक म्हातारी डोक्यावर सरपण घेऊन आत आली आणि या सगळ्यांकडं पाहत निघून गेली.

"हे," गोदाबाई म्हणाल्या.

"हे काय हाय?"

"खिडकी."

"हे तं दार हाय."

"दरवाजा म्हनजे जिथून बंडी जाते, गाडी-बैल जाते. मानूस जाते ते खिडकी. पाच दरवाजे अन् चार खिडक्या हाय अमरावतीच्या परकोटाले. कोनाले बी इचारा. कापसानं दरवाजे भरले तवापासून सारं गाव खिडकीतून जाते. मी जाते. मामाजी जाते. ते सरपनवाली बुढी जाते. तिची सासू बी तिले टाकते का, इचारून पाहा."

पार्बताबाई त्या दाराकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी मागं पाहिलं नाही. मागं सून होती. त्या पुढं झाल्या. चौकट त्यांच्या खांद्याला लागत होती. आयुष्यात ही बाई कोणत्याही दारातून वाकून गेली नव्हती. अकोल्याच्या घराची चौकट तिच्या सासऱ्यानं तिच्यासाठी उचलून घेतली होती, असं तिकडं सांगत.

"जरा सांभाळून, इहीनबाई," मागून खुशालराव म्हणाले. आवाज वेगळा होता. "उंबरा उंच हाय. तो दगड माह्या बापानं आनला."

पार्बताबाई वाकता वाकता थांबल्या. "किती पेंढारी मेले त्याच्याखाली?"

"एक बी नाई. मी लहान होतो, बंडीवर बसून आलो होतो. दोन बैल अन् माहा बाप. नुसता दगड हाय."

त्यांनी उंबऱ्यावर हात ठेवला. साठ वर्षांच्या पावलांनी तो मध्ये बशीसारखा खोल झाला होता. मग त्या वाकल्या आणि पलीकडं गेल्या.

*

पलीकडं निंबाची सावली होती. सावलीत गवताचं छप्पर आणि वाळूत अर्धे गाडलेले चार रांजण. गाडीवान बसले होते, कोणी ओंजळीनं पीत होतं, कोणी बैलाच्या तोंडावर पाणी मारत होतं. दहा पावलांवर पार्बताबाईंची दमणी उभी होती. कळशीवरचं फडकं केव्हाच वाळलं होतं.

रांजणाशी नत्थुजी होता. बाईंना पाहून तो धडपडत उभा राहिला.

"या बाई, या. मी सांगतलं होतं नं तुमाले? दिस उगवाच्या आधी जमुनाबाई खिडकीतून येते. घागरीमागं घागर. रांजन भरते. दरवाजा उघडेलोक आमी बाहेर अडकून राहतो, बैलाले पानी नाई, मानसाले नाई. ही पानपोई तिनं लावली. मले वाटलं, सासू खूश होईन."

पार्बताबाईंनी दमणीकडं पाहिलं. कळशीकडं. मग त्या रांजणाशी गेल्या, उकिडव्या बसल्या, आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

जमुनानं तांब्या भरला. ती सासूसमोर उभी राहिली. पण तिनं ओतलं नाही.

"हे दुसऱ्याच्या घरचं पानी हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "नवस मोडन."

"जमुने," गोदाबाई घाबरून म्हणाल्या.

"बोलू दे तिले," हे पंजाबराव म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तीन दिवसांत त्याचा आवाज कोणी नीट ऐकला नव्हता. तो येऊन बायकोच्या बाजूला उभा राहिला.

"अकोल्याची वाट इथूनच येते," जमुना म्हणाली. तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "संक्रांत झाली तरी तुमचं कोनी आलं नाई. मंग मी इथं येऊन बसाले लागली. येईन त्या गाडीवानाले इचारे, अकोल्याहून आला का, गावंड्याच्या घरी सारे बरे हाय का. तो तहानलेला राहे. नुसतंच इचारनं बरं नाई दिसत, म्हनून पानी दिलं. असे चार रांजन झाले. म्या लपून काई नाई केलं. तुमची वाट पायली."

पार्बताबाईंची ओंजळ तशीच होती. उन्हात दोन रिकामे, मोठे हात. त्यांना माफी मागता येत नव्हती. कोणी शिकवलीच नव्हती. त्यांनी मान वळवली आणि सगळ्या गाडीवानांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"नत्थुजी, पुढच्या खेपेले अकोल्याले जाशीन तं माह्या ओसरीसमोर बंडी उभी कर. शेजारच्या दोघी बसल्या असतीन. मोठ्यानं सांग. म्हनाव, पार्बताबाई एवढी मोठी झाली, पन तिले दार अन् खिडकी वेगळी करता येत नाई. तिच्या सुनेनं शिकवलं."

"असं कसं सांगू, बाई?"

"जसं मांगं सांगतलं तसंच सांग. भाकर खात खात." मग त्यांनी वर पाहिलं. "आता पानी वत, माय. घसा तुमच्या त्या बहिऱ्या इहिरीवानी झाला, आवाज निघत नाई."

जमुनानं ओतलं. पार्बताबाई प्याल्या. मनगटावरून, कोपरावरून पाणी गळत होतं, लुगडं भिजत होतं, त्या पीतच होत्या. तांब्या संपला. दुसरा संपला. तिसऱ्याला गाडीवान मोजू लागले.

"उंटच हाय," गोदाबाई पदराआड पुटपुटल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

*

चौथ्या दिवशी जमुना निघाली. गूळपाणी झालं होतं, ओटी झाली होती, आणि पार्बताबाईंनी कळशी रिकामी करून त्याच रांजणातलं पाणी भरून घेतलं होतं. अकोल्याच्या शेजारणींना पाजायचं म्हणून.

त्या दिवशी दरवाजा मोकळा होता. पंजाबरावानं दमणी ओसरीशी आणली.

"दमनी तू बाहेर घेऊन ये," त्याची आई म्हणाली. "आमी दोघी खिडकीतून येतो."

"दरवाजा उघडा हाय नं, आत्याबाई," जमुना म्हणाली.

"मले दिसते. पन ज्या वाटेवरून नाव निघालं त्याच वाटेनं माही सून घरी येईन. चार मानसायनं पाहू दे."

चार नाही, दोनशे माणसांनी पाहिलं. गल्लीतल्या बायका, पानपोईवरचे गाडीवान, भातकुलीचे, चांदूर बाजाराचे. दुसऱ्या दिवसापासून रांजण भरायचं गोदाबाईंनी अंगावर घेतलं होतं. त्या घागर कमरेला घेऊनच उभ्या होत्या. जमुना आधी बाहेर आली. मग पार्बताबाई वाकल्या. उंबऱ्याशी त्या जरा थांबल्या, खाली झुकल्या, दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग पुन्हा पुऱ्या उंचीच्या झाल्या.

दमणी दिसेनाशी झाल्यावर खुशालराव उंबऱ्यावर बसले. एक नवखा गाडीवान पाणी प्यायला आला होता. म्हाताऱ्यानं त्याला शेजारी बसवलं.

"या खिडकीची गोष्ट माहीत हाय का तुले?"

"नाई जी."

"अकोल्याचा किल्ला हाय नं, एवढा मोठा? तो एकदा इथं आला होता. पाच महिने रागावून होता, पान्याचा थेंब घेत नव्हता. या खिडकीसमोर आला, वाकला, अन् बाहेर निघाला. म्या माह्या डोळ्यानं पायलं."

गाडीवानानं तोंड पुसलं. "काई बी सांगता, आबाजी," तो म्हणाला, आणि हसत आपल्या बैलांकडं गेला.